प्लग वितळतो, पंखा ओरडतो, दिवे विझतात: कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये नेमकं काय चालतं?

ऑक्टोबर २०२२मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग, बाजारात आलं आणि काही दिवसांतच एक फोटो जगभर फिरू लागला. कार्डाला वीज पुरवणाऱ्या केबलचा प्लग एका कडेला वितळून काळा पडलेला. २०२५च्या सुरुवातीला आरटीएक्स ५०९० आलं आणि फेब्रुवारीत तसेच फोटो पुन्हा दिसले. लाख-दीड लाखाच्या पुढची वस्तू अशी जळालेली पाहिली की कुणालाही धसका बसणारच. तेव्हापासून ज्यांच्याकडे साधं, मध्यम किमतीचं कार्ड आहे तेही विचारतात: माझं कार्ड ८० डिग्री दाखवतं, जळेल का? पंखे मध्येच एवढे का ओरडतात? वॉटर कूलिंग बसवू का? कॅबिनेटमधले रंगीत दिवे अर्धेच का लागतात?

प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण त्यांची उत्तरं बहुतेक वेळा एकाच जागी सापडतात. कॉम्प्युटरचे सुटे भाग आज बऱ्यापैकी टिकाऊ असतात. गडबड होते ती दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे: चिप आणि तिच्यावर बसवलेला कूलर, प्लग आणि सॉकेट, पंख्याची वायर आणि मदरबोर्डवरच्या (सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मोठ्या सर्किटवरच्या) पिना. म्हणून काहीही नवीन विकत घेण्याआधी हे सांधे तपासा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ते का, हे पुढे समजेल.

जेवढी वीज आत, तेवढी उष्णता बाहेर

मिक्सर विजेतून फिरण्याची ताकद काढतो, बल्ब उजेड काढतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप आकडेमोड करतात, पण आकडेमोडीत ऊर्जा साठून राहत नाही. खेचलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ४५० वॅटचं कार्ड म्हणजे पूर्ण ताणावर ४५० वॅट उष्णता. २०१६मध्ये त्या काळचं दमदार जीटीएक्स १०८० कार्ड १८० वॅटवर चालायचं. आरटीएक्स ४०९० ४५० वॅट घेतं आणि ५०९० तर ५७५. कॅबिनेटचा आकार मात्र फारसा बदललेला नाही.

प्रोसेसर आणि कार्ड मिळून ६०० वॅट घेत असतील आणि तुम्ही तीन तास गेम खेळलात, तर पावणेदोन युनिटहून थोडी जास्त वीज जळते आणि ती सगळी तुमच्या खोलीत उष्णता म्हणून उतरते. कूलर कितीही महागाचा असो, तो ही उष्णता नाहीशी करत नाही, चिपपासून लांब नेतो. ‘कूलिंग’ म्हणजे गारवा तयार करणं नाही, हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

चिपपासून खोलीपर्यंतची वाट

कढत चहा आपण बशीत ओततो, कारण पसरट झालेल्या चहाला जास्त हवा लागते. कूलरमधल्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या हेच काम करतात. नखाएवढ्या चिपमधली उष्णता तांब्याच्या नळ्यांमधून त्या पट्ट्यांवर पसरते आणि पंखा तिथली तापलेली हवा हलवतो. हे सगळं घडतं ते चिप आणि कूलर एकमेकांना नीट चिकटले तरच.

धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये बारीक फटी राहतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णता फार वाईट वाहून नेते. या फटी भरण्यासाठी जो राखाडी लेप लावतात ती थर्मल पेस्ट. साध्या प्रोसेसरला मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरतो, कूलर दाबला की तो आपोआप पसरतो. काही वर्षांनी पेस्ट वाळते आणि तापमान हळूहळू चढू लागतं. जुन्या मशीनची पेस्ट बदलायला काही शे रुपये लागतात आणि तापमान लक्षणीय उतरतं. इतक्या कमी खर्चात एवढा फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती मला माहीत नाही.

नवीन जोडणीत सर्रास होणारी एक चूक इथेच सांगतो. कूलरच्या तांब्याच्या तळाला कंपनीनं पारदर्शक प्लास्टिकची पातळ फिल्म लावलेली असते. ती तशीच राहिली की कूलर नवा, पंखे फिरतायत, तरी मशीन सुरू केल्यावर मिनिटभरात प्रोसेसर नव्वदीत जातो. विंडोज सुरू व्हायच्या आधी, नुसत्या बायोसच्या, म्हणजे सुरुवातीच्या सेटिंगच्या, स्क्रीनवर तापमान असं झपाट्यानं चढत असेल, तर तीन गोष्टी पाहा: फिल्म, कूलरचे स्क्रू आणि वॉटर कूलर असल्यास त्याचा पंप. हवेचा, धुळीचा किंवा उन्हाळ्याचा दोष इतक्या लवकर दिसत नाही.

“पण ९५ डिग्री म्हणजे जळणारच ना?”

नाही. एएमडीचे २०२२मध्ये आलेले रायझन ७००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालतील असेच बनवलेले आहेत. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० आहे. मर्यादेजवळ आलं की चिप स्वतःच वेग कमी करते, याला थ्रॉटलिंग म्हणतात. त्याहीपुढे गेलं तर मशीन बंद पडतं. म्हणजे धोका चिप वितळण्याचा नसतो. ज्या वेगासाठी पैसे मोजले तो मिळत नाही, हे खरं नुकसान.

एक आकडा मात्र बारकाईनं पाहण्यासारखा आहे. एचडब्ल्यू-इन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये बऱ्याच ग्राफिक्स कार्डांची दोन तापमानं दिसतात. एक सर्वसाधारण, दुसरं ‘हॉट स्पॉट’, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या बिंदूचं. दोन्हींत १०-१५ अंशांचा फरक असणारच. तो तीसच्या पुढे गेला तर कूलर चिपवर सगळीकडे सारखा बसलेला नाही, असं समजावं.

याचं मोठं उदाहरण एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्स कार्डाचं. डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या या कार्डांपैकी काहींचा हॉट स्पॉट ११० अंशांवर जाऊन वेग पडायचा. आधी पेस्टवर संशय गेला. पुढे जानेवारी २०२३मध्ये एएमडीनं मान्य केलं की काही कार्डांच्या व्हेपर चेंबरमध्ये पाणी कमी भरलं गेलं होतं. व्हेपर चेंबर ही कूलरच्या तळाची चपटी, बंद डबी. आतलं थोडंसं पाणी चिपवर वाफ होतं, थंड बाजूला पुन्हा पाणी होतं आणि परत येतं. पाणीच कमी, तर चक्र तुटतं. अशा वेळी पेस्ट बदलून काही होत नाही, कार्ड वॉरंटीत द्यावं लागतं.

कॅबिनेटमधली हवा

आता उष्णता कूलरच्या पट्ट्यांवर आली, पंख्यानं हवेत टाकली. ती हवा कॅबिनेटमध्येच घुटमळत राहिली तर पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा पट्ट्यांवर मारतो. म्हणून साधी रचना: पुढून आणि खालून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. पंख्याची दिशा ओळखायला सोपी आहे. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या दिसतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली तर प्रत्येक फटीतून धूळ ओढली जात नाही, जाळीतूनच हवा येते.

समोर सबंध काच लावलेली कॅबिनेटं दिसायला सुरेख असतात. पण काचेमागच्या तीन पंख्यांना हवा मिळायला कडेची बोटभर फटही नसेल, तर ते पंखे नुसते दिव्यांसाठी आहेत. जाळीचा दर्शनी भाग असलेलं साधं कॅबिनेट मी कधीही आधी निवडेन.

बिघाड कुठे आहे हे ओळखायची पद्धत सोपी आणि फुकटची आहे. गेम किंवा दुसरं एखादं जड काम चालू ठेवा, तापमान स्थिर होऊ द्या, मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा. पाच-दहा मिनिटांत तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं, तर दोष हवेच्या वाटेत आहे: पंखे उलटे, जाळी धुळीनं बुजलेली किंवा काच आड आलेली. काहीच फरक पडला नाही, तर दोष चिप आणि कूलरच्या सांध्यात. या एका चाचणीनं कितीतरी लोकांचे नव्या पंख्यांचे पैसे वाचतील.

धूळ काढताना ब्लोअरच्या झोतानं पंखा गरगर फिरू देऊ नका. पातं बोटानं धरून ठेवा. नाहीतर बेअरिंग खराब होतं आणि पंख्याची मोटर उलट मदरबोर्डाकडे वीज ढकलू शकते.

“यूट्यूबवर त्याच कार्डाचं तापमान ६८, माझं ८४. माझं खराब आहे का?”

बहुधा नाही. हवेवर चालणारा कूलर असो वा पाण्याचा, खोलीच्या तापमानाखाली तो जाऊच शकत नाही. मोजायचं ते खोलीपेक्षा किती अंश वर, एवढंच. परीक्षण करणाऱ्यांच्या खोल्या साधारण २०-२२ अंशांवर असतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर ४५ असताना बंद खोलीत ३८ असणं नवल नाही. तो १६ अंशांचा फरक जसाच्या तसा कार्डावर दिसतो. कार्ड ठणठणीत आहे, खोली तापलेली आहे.

विदर्भ-मराठवाड्यात यावर उपाय म्हणून खोलीतल्या पाण्याच्या डेझर्ट कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर सोडतात. ते करू नका. पाण्याचे बारीक थेंब आणि त्यातले क्षार सर्किटवर बसतात. खोली गार करा, मशीनवर ओली हवा मारू नका.

“मग वॉटर कूलिंग घेतलं की प्रश्न मिटला?”

पाणी उष्णता चिपपासून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पंखे लावलेल्या जाळीदार पट्टीपर्यंत, नेतं. रेडिएटरवरून ती हवेतच जाते. ताण अचानक वाढला तर पाणी तो थोडा वेळ पचवतं, त्यामुळे पंखे दचकल्यासारखे वर-खाली होत नाहीत, हा खरा फायदा. पण मध्यम प्रोसेसरला चांगला एअर कूलर पुरेसा असतो आणि त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा असतो, जो सहज बदलता येतो.

तयार वॉटर कूलर बसवताना दोन गोष्टी सांभाळा. आत थोडी हवा असतेच आणि ती सगळ्यात उंच जागी जमते. ती जागा पंप असता कामा नये. रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर राहील असं बसवा, नाहीतर गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर जातो. दुसरं, पंपाची वायर मदरबोर्डवर पंपासाठी दिलेल्या जागी लावा आणि तो नेहमी पूर्ण वेगानं चालू द्या. पंप बंद पडल्याची खूण म्हणजे दोन नळ्यांपैकी एक गरम, दुसरी गार आणि प्रोसेसर मिनिटभरात नव्वदीच्या पुढे.

प्लग का वितळतो?

आता मूळ बातमीकडे. इथे थोडं गणित लागतं, पण शाळेतलं.

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. अँपिअर म्हणजे तारेतून वाहणाऱ्या विजेचं प्रमाण. कार्डाला १२ व्होल्ट मिळतात. ४५० वॅट हवे असतील तर साडेसदतीस अँपिअर लागतात, ५७५ वॅटला जवळपास ४८. घरातला दीड टनाचा एसी भिंतीतून जेवढे अँपिअर खेचतो त्याच्या कितीतरी पट हे आहेत, फक्त व्होल्ट कमी असल्यानं एकूण वॅट तेवढे होत नाहीत.

जुन्या आठ पिनांच्या प्लगमधून १५० वॅट जायचे, तीन पिनांतून, म्हणजे प्रत्येकी जेमतेम सव्वाचार अँपिअर. पिना मोठ्या, बोजा कमी, त्यामुळे थोडं सैल बसलं तरी निभावून जायचं. नव्या सोळा पिनांच्या प्लगला ६०० वॅटपर्यंत मुभा आहे. त्यात वीज आणणाऱ्या मोठ्या पिना सहा, परत नेणाऱ्या सहा आणि चार बारीक पिना फक्त इशाऱ्यासाठी. पिनांचा आकार आधीपेक्षा लहान. प्रत्येक पिनेची क्षमता साधारण साडेनऊ अँपिअर आणि ५०९०वर प्रत्येकीतून आठ अँपिअर जातात. शिल्लक फारच थोडी.

आणि हा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा सहाही पिनांतून सारखी वीज जाते. सांध्यावर तयार होणारी उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वीज दुप्पट, उष्णता चौपट. प्लग एका बाजूनं मिलिमीटरभर बाहेर राहिला किंवा एखाद्या पिनेची पकड सैल झाली, की वीज उरलेल्या पिनांकडे वळते. फेब्रुवारी २०२५मध्ये डेअरबाउअर या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जर्मन ओव्हरक्लॉकरनं (चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवून पाहणाऱ्यानं) ५०९०च्या केबलमधल्या तारा एकेक करून मोजल्या, तर एकाच तारेतून २० अँपिअरहून जास्त वीज जात होती. ती तार तापून लाल होणं बाकी होतं आणि कार्डाला त्याचा पत्ता नव्हता, कारण ५०९०मध्ये सहाही पिना आत शिरताच एकत्र जोडल्या जातात. कोणत्या पिनेतून किती येतंय, हे कार्ड पाहतच नाही. आरटीएक्स ३०९० टीआयमध्ये हाच प्लग होता, पण पिनांचे गट वेगळे ठेवून त्यांच्यावर नजर ठेवली जायची.

“म्हणजे लावणाऱ्याची चूक की कंपनीची?”

नोव्हेंबर २०२२मध्ये एनव्हिडियानं सांगितलं की जगभरात सुमारे ५० प्रकरणं आपल्यापर्यंत आली आणि मुख्य कारण प्लग पूर्ण आत न बसणं हे दिसतं. हे खरं असू शकतं आणि तरी मला ते पुरेसं वाटत नाही. सामान्य माणूस घरी बसून जोडतो अशा वस्तूत मिलिमीटरभराच्या फरकानं प्लास्टिक वितळत असेल, तर ती रचना फारच काठावरची आहे. हे पुढे प्रमाणं ठरवणाऱ्यांनीही ओळखलं असावं. २०२३मध्ये सुधारित सॉकेट आलं, त्यात चार बारीक पिना आखूड केल्या आणि मोठ्या किंचित लांब. प्लग पूर्ण बसला नाही तर बारीक पिना टेकत नाहीत आणि कार्ड सुरूच होत नाही. चांगली सुधारणा आहे, पण पिनांमधली असमान वाटणी त्यानं थांबत नाही.

आपण काय करायचं? प्लग सरळ दाबा, टक् आवाज आला नाही तरी चारही बाजूंनी उजेडात पाहा, फट दिसता कामा नये. वायर प्लगपासून निदान साडेतीन सेंटिमीटर सरळ ठेवा, मग वळवा. काच वायरीला दाबत असेल तर कॅबिनेट अपुरं आहे. केबल वारंवार काढू-घालू नका. एसएमपीएसकडचं, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याकडचं, टोकही तितकंच नीट बसवा, वितळण्याच्या काही घटना त्या टोकालाही झाल्या आहेत. आणि एका कंपनीच्या एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि हार्ड डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत काहीही क्षणात जातं.

याशिवाय कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांवर आणून ठेवता येते. मोठ्या कार्डांवर वेग त्या मानानं फार थोडा कमी होतो, उष्णता आणि आवाज मात्र बरेच उतरतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी हे सगळ्यांना सुचवतो.

दिव्यांचं काय बिनसतं?

रंगीत दिव्यांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. जुना आरजीबी: चार पिना, १२ व्होल्ट, सगळे दिवे एका वेळी एकाच रंगाचे. नवा एआरजीबी: तीन पिना, मध्ये एक जागा रिकामी, ५ व्होल्ट, प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा. ५ व्होल्टची पट्टी जोर लावून १२च्या पिनांवर बसवली की ती कायमची जाते. मदरबोर्डवर त्या पिनांशेजारी ‘५ व्होल्ट’ की ‘१२ व्होल्ट’ हे छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय हात लावू नका.

‘अर्धेच दिवे लागतात’ या तक्रारीचं कारणही सांध्यातच आहे. एआरजीबीमध्ये रंगाचा निरोप पहिल्या दिव्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा जातो. मधला एक दिवा गेला किंवा दोन पंख्यांमधला जोड सैल झाला, की त्यापुढचे सगळे अंधारात. म्हणून शेवटचा पंखा बदलण्याआधी जिथून अंधार सुरू होतो तो जोड काढून घाला. दिवे लागतात पण टोकाकडे पांढऱ्याचा पिवळट-लालसर होत असेल, तर वीज अपुरी पडते आहे. बऱ्याच मदरबोर्डांवर त्या पिनांना ३ अँपिअरची मर्यादा असते आणि नेहमीचा एक दिवा पूर्ण पांढऱ्या उजेडात ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. पन्नास दिव्यांत हिशेब संपला. त्यापुढे वेगळा पुरवठा असलेला हब, म्हणजे दिव्यांना वीज वाटून देणारी डबी, लागतो.

स्क्रीन काळी, पंखे मात्र फिरतात

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की वर मदरबोर्डात, हे आधी पाहा. नावात शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरांना स्वतःचं ग्राफिक्स नसतं, मदरबोर्डाच्या पोर्टमधून काहीच दिसणार नाही. केबल बरोबर असेल तर कार्ड काढून पुन्हा बसवा, खटका पडेपर्यंत. बऱ्याच मदरबोर्डांवर चार छोटे दिवे असतात, ‘व्हीजीए’चा पेटून राहिला तर संशय कार्डावर, ‘डीरॅम’चा राहिला तर रॅमवर. डेस्कटॉपवर नुसतं बसलेलं असताना कार्डाचे पंखे थांबलेले दिसले तर तो बिघाड नाही. कार्ड साधारण ५०-६० अंशांखाली असेपर्यंत पंखे बंदच ठेवतात.

आणि भिंतीतला प्लग

शेवटचा सांधा कॅबिनेटच्या बाहेर आहे. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॅटच देऊ शकतो. गेम सुरू होताच मशीन धाडकन बंद पडतं, नुसतं ब्राउझिंग करताना पडत नाही, असं असेल तर यूपीएस बाजूला ठेवून सरळ भिंतीतून चालवून पाहा. दोष कार्डाचा नसण्याचीच शक्यता जास्त.

कॅबिनेटच्या धातूला हात लागला की मुंग्या आल्यासारखं वाटतं, ही तक्रार आपल्याकडे फार ऐकू येते आणि लोक ती सोडून देतात. एसएमपीएसमध्ये फिल्टरसाठी दोन लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या अंगाला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातली किंचितशी गळती जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर २३०च्या निम्मे, सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट इतका थोडा असतो की त्या मुंग्यांनी जीव जात नाही, पण आत खरीखुरी वायर धातूला टेकली तर वाचवायला काहीच नाही, हे त्या मुंग्या सांगत असतात. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत घातला असेल तर तो आजच काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजून घ्या. २३०च्या आसपास आकडा आला पाहिजे.